सुटकेनंतरचा खर्च कोणाच्या खाती?

भारतीय संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने माणसांच्या अपव्यापाराला आणि वेठबिगारीला मनाई केली, त्याला पाऊणशे वर्षे उलटून गेली. मनाईचे वाक्य लिहावयास पैसा लागत नाही. ती अमलात आणावयास मात्र लागतो. सरकारी तिजोरीतला पैसा हलतो तो 'प्रस्ताव' नावाच्या कागदावरून. हा प्रस्ताव कोणी लिहायचा, त्यात काय मागायचे, झालेल्या खर्चाचा हिशेब कशाच्या मापाने द्यायचा, हे प्रश्न वरवर पाहता कारकुनी वाटतात. परंतु नोकरीच्या किंवा लग्नाच्या आमिषाने परमुलखात नेऊन विकलेल्या मुलीचे सुटकेनंतर काय होते, हे पुष्कळ अंशी याच कागदावर ठरत असते. म्हणून हा विषय केवळ मंत्रालयातील टिपणीचा नव्हे, तो सार्वजनिक चर्चेचा आहे.

कायद्यांची उणीव आहे असे म्हणता येणार नाही. १९५६ साली स्त्रिया व मुलींच्या अनैतिक व्यापाराविरुद्ध केंद्रीय कायदा झाला. १९८६ साली त्याची व्याप्ती वाढवून त्याला आजचे नाव मिळाले. १९७६ साली वेठबिगारीचे उच्चाटन करणारा कायदा आला. न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालानंतर २०१३ साली भारतीय दंड संहितेचे ३७० वे कलम नव्याने लिहिले गेले आणि त्यात अपव्यापाराची सविस्तर व्याख्या आली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तीच तरतूद १४३ व्या कलमात आहे. शिक्षा किमान सात वर्षांची आहे. उणीव आहे ती या कलमांच्या मागे उभ्या राहणाऱ्या यंत्रणेची आणि त्या यंत्रणेला पुरणाऱ्या निधीची.

कक्ष वाढले, पण कशाच्या बळावर?

या गुन्ह्यासाठी पोलिसांत स्वतंत्र कक्ष असावा, ही कल्पना २००६ साली संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने पाच राज्यांत राबविलेल्या प्रकल्पातून पुढे आली. त्या पाचांत महाराष्ट्र आणि गोवा ही दोन्ही राज्ये होती. २०१० पासून केंद्रीय गृह मंत्रालयाने अशा कक्षांना अर्थसाहाय्य देणारी योजना हाती घेतली. पुढे २०१३ साली एक हजार कोटी रुपयांचा निर्भया निधी स्थापन झाला. त्यातून २०२०-२१ च्या सुमारास सर्व राज्ये आणि केंद्रशासित प्रदेश यांना मिळून शंभर कोटी रुपये देण्यात आले. असलेले कक्ष सक्षम करावेत आणि प्रत्येक जिल्ह्यात नवा कक्ष उभा राहावा, हा त्यामागचा हेतू. आज देशात कागदोपत्री आठशेहून अधिक कक्ष आहेत.

शंभर कोटी ही रक्कम ऐकावयास मोठी वाटते. ती देशातील सातशेहून अधिक जिल्ह्यांत विभागली, तर एका जिल्ह्याच्या वाट्याला सरासरीने पंधरा लाखही येत नाहीत. एक वाहन, दोन-चार संगणक आणि बसावयास खोली, एवढ्यात तेवढी रक्कम संपावी. शिवाय पोलीस हा राज्यसूचीतला विषय आहे. वाहन केंद्राच्या पैशातून आले, तरी ते चालविणारा शिपाई राज्याच्या आस्थापनेवरचाच असावा लागतो. त्या शिपायाला बंदोबस्ताला पाठविले, की वाहन आवारात उभे आणि कक्ष फलकापुरता! एकरकमी मिळणाऱ्या पैशातून वस्तू विकत घेता येतात. माणसे आणि दैनंदिन काम हे वर्षानुवर्षे चालणाऱ्या तरतुदीवर जगते. हा भेद प्रस्ताव लिहिताना ध्यानी घेतला नाही, तर पुढचे सारे कागदी घोडे ठरतात.

प्रत्यक्ष काम काय असते, हे कायदाच सांगतो. छापा घालताना दोन महिला पोलीस सोबत हव्यात. सुटका झालेल्या मुलीला दंडाधिकाऱ्यापुढे न्यावे लागते. वैद्यकीय तपासणी करावी लागते. तिच्या घरची परिस्थिती काय आहे, ते घर तिला स्वीकारील की पुन्हा विकील, याची चौकशी परिवीक्षा अधिकाऱ्याकडून करवून घ्यावी लागते. तोवर तिला सुरक्षित निवाऱ्यात ठेवावे लागते. मुलगी बंगालची किंवा नेपाळची असेल, तर तिची भाषा जाणणारा दुभाषी हवा. चौकशीसाठी कोणीतरी दोन दिवसांचा रेल्वेप्रवास करून तिच्या गावी जावयास हवे. खटला उभा राहील तेव्हा साक्षीसाठी तिला परत आणावे लागते. आरोपी एका राज्यात, दलाल दुसऱ्या राज्यात आणि साक्षीदार तिसऱ्या राज्यात, ही या गुन्ह्याची नित्याची मांडणी आहे. दुभाष्याचे मानधन, प्रवासभत्ता, साक्षीदाराच्या मुक्कामाचा खर्च या बाबी दिसावयास क्षुल्लक असतात. पण खटला टिकतो तो त्यांच्याच आधारावर.

कामाठीपुऱ्याचा धडा

सुटकेची तयारी आणि सुटकेनंतरची तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा मुंबईने १९९६ सालीच घेतला होता. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत कामाठीपुरा भागात मोठे छापे पडले आणि साडेचारशेहून अधिक मुलींची सुटका झाली. त्यांतल्या पुष्कळ मुली नेपाळच्या होत्या. त्यांना सरकारी वसतिगृहांत ठेवले गेले. परंतु पुढे काय, याचे उत्तर कोणापाशी नव्हते. नेपाळ सरकारने त्यांना परत घेण्यास तत्परता दाखविली नाही. अखेर त्या देशातील स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घेतला आणि जुलैमध्ये शंभरावर मुली मायदेशी परतल्या. मधले महिने त्यांनी बंदिवासासारखे काढले. एका बंद दारातून सोडवून दुसऱ्या बंद दाराआड ठेवणे याला सुटका म्हणावे काय?

केंद्र सरकारने २००७ च्या डिसेंबरात 'उज्ज्वला' योजना आणली, ती ही पोकळी भरण्यासाठीच. प्रतिबंध, सुटका, पुनर्वसन, समाजात पुनःस्थापना आणि मायदेशी पाठवणी अशी तिची पाच अंगे होती. निवारागृहे चालवायची स्वयंसेवी संस्थांनी, आणि खर्चातला काही वाटाही त्यांनीच उचलायचा, अशी तिची घडण होती. २०२२ पासून ही योजना 'मिशन शक्ती'खालील 'शक्ती सदन' या योजनेत विलीन झाली असून बहुतेक राज्यांत खर्चाची विभागणी केंद्र साठ आणि राज्य चाळीस टक्के अशी आहे.

योजना बदलल्या, तरी अनुदानाची रीत तीच राहिली. पैसा हप्त्याने येतो. पुढचा हप्ता मिळण्यापूर्वी मागच्या खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र आणि लेखापरीक्षित हिशेब द्यावा लागतो. सार्वजनिक पैशाच्या बाबतीत ही दक्षता अवश्यच आहे. परंतु निवाऱ्यातल्या मुलींचा दूधखर्च, औषधे आणि घरभाडे आर्थिक वर्षाची वाट पाहत थांबत नाहीत. एखादी फाईल मार्चअखेर एका टेबलावर अडकली, तर त्याची झळ सर्वांत आधी लागते ती ज्यांच्या गाठीशी राखीव पैसा नाही अशा लहान संस्थांना. आणि वस्तीत वर्षानुवर्षे काम करून दलालांची नावे आणि वाटा ज्यांना ठाऊक झालेल्या असतात, त्या संस्था बहुधा लहानच असतात. प्रस्ताव उत्तम इंग्रजीत लिहिता येणे ही एक गोष्ट आणि मुलींचा विश्वास कमावलेला असणे ही दुसरी. छाननी समितीला पहिली चटकन दिसते, दुसरी दिसत नाही.

मग हिशेबाची अटच सैल करावी काय? मुळीच नाही. बिहारमधील मुजफ्फरपूर येथे सरकारी अनुदानावर चालणाऱ्या बालिकागृहात मुलींवर होत असलेले भीषण अत्याचार २०१८ साली उघडकीस आले. २०२० च्या जानेवारीत न्यायालयाने एकोणीस जणांना दोषी ठरविले. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की ते अत्याचार बाहेर आले ते मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पथकाने केलेल्या सामाजिक अंकेक्षणातून. त्या पथकाने निवासातल्या मुलींशी बोलून त्यांचे ऐकून घेतले. पावत्या जुळणे म्हणजे काम नीट चालणे नव्हे. रुपयाचा हिशेब हवाच. पण त्याच्या जोडीला माणसाचाही हिशेब हवा.

मोजमाप चुकले, की काम चुकते

अनुदान मागताना यश कशाने मोजायचे, हा प्रश्न म्हणूनच कळीचा ठरतो. किती छापे घातले आणि किती जणींना सोडविले, हे आकडे मांडावयास सोपे असतात. परंतु छाप्यांची संख्या हेच यशाचे माप ठरले, तर वर्षअखेरीस आकडा भरून काढण्यासाठी छापे पडू लागण्याचा धोका आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या मे महिन्यात स्वेच्छेने देहविक्रय करणाऱ्या सज्ञान स्त्रियांना छाप्यांत अटक करू नये, त्यांचा छळ होऊ नये, असे निर्देश दिले. फसवणुकीने आणलेली अल्पवयीन मुलगी आणि स्वतःचा निर्णय घेणारी सज्ञान स्त्री यांतला भेद आकड्यांच्या रकान्यात पुसून टाकता कामा नये.

दुसरी चूक याहून मोठी आहे. अपव्यापार म्हणजे फक्त देहविक्रय, अशी समजूत रूढ आहे. २०२२ सालीच नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यात कातकरी कुटुंबांतील लहान मुले काही हजार रुपयांच्या, क्वचित एखाद्या मेंढीच्या मोबदल्यात मेंढपाळांकडे राबावयास दिली गेल्याचे उघड झाले. त्यातल्या एका बालिकेचा मृत्यू झाला, तेव्हा शासन जागे झाले. कोणत्याही रात्रीच्या छाप्यात ही मुले सापडली नसती. त्यांच्यासाठी निधी आहे, पण तो दुसऱ्या खात्यात आहे. वेठबिगारांच्या पुनर्वसनाच्या २०१६ च्या केंद्रीय योजनेत पुरुषाला एक लाख, स्त्रिया व मुलांना दोन लाख आणि अपव्यापारासारख्या अतिशोषणाच्या प्रकरणात तीन लाख रुपयांची तरतूद आहे. शिवाय तातडीच्या मदतीसाठी जिल्हाधिकाऱ्याच्या हाती किमान दहा लाखांचा कायम निधी असावा, असे ती योजना सांगते. संपूर्ण रक्कम मात्र आरोपीच्या दोषसिद्धीशी जोडलेली आहे. म्हणजे गरज आजची आणि पैसा खटल्याच्या अखेरीस!

गृह, महिला व बालविकास आणि कामगार अशा तीन खात्यांत हा निधी वाटला गेला आहे. प्रत्येक खात्याचा अर्ज, प्रत्येकाचे लेखाशीर्ष वेगळे. बळी मात्र एकच असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात अपव्यापाराचे २,२५० गुन्हे नोंदलेले आहेत. एवढ्या अवाढव्य देशात हा आकडा गुन्ह्याचे प्रमाण सांगतो, की यंत्रणेच्या नजरेचा आवाका सांगतो?

एकत्र अर्जाची वाट

या बाबतीत अमेरिकेतील एक पद्धत विचारात घेण्यासारखी आहे. तेथील न्याय विभाग २००४ च्या सुमारापासून स्थानिक कृतिदलांना अनुदान देत आला आहे. २०१० पासून त्याने असा आग्रह धरला, की पोलीस यंत्रणा आणि पीडितांना सेवा देणारी संस्था यांनी जोडीने पुढे यावे. देहविक्रय आणि सक्तीची मजुरी अशा दोन्ही प्रकारांचा तपास करावा. तेथील सारे आलबेल आहे असे नव्हे. परंतु अर्जाची अटच अशी घातली, की दोघांना आधी एका टेबलाशी बसावे लागते, हे त्यातले मर्म आहे. आपल्याकडे मात्र पोलिसांचा प्रस्ताव एका वाटेने आणि निवारागृहाचा दुसऱ्या वाटेने जातो. दोघांची गाठ पडते ती छाप्याच्या रात्री.

जिल्हा पातळीवरचा प्रस्ताव एकच असावा आणि त्यावर पोलीस अधीक्षक, महिला व बालविकास अधिकारी, कामगार अधिकारी आणि स्थानिक संस्था यांच्या सह्या असाव्यात. मागील तीन वर्षांतल्या प्रत्येक प्रकरणाचे पुढे काय झाले, खटला कोठवर आला, मुलगी कोठे आहे, तिला विधिसेवा प्राधिकरणामार्फत मिळणारी भरपाई मिळाली काय, याची गोषवारावजा नोंद प्रस्तावासोबत जोडावी. वाहन-संगणकाच्या जोडीने दुभाषी, प्रवास, समुपदेशक आणि साक्षीदार-साहाय्य यांसाठी आवर्ती तरतूद मागावी. यश मोजायचे ते सुटकेनंतर दोन वर्षांनी ती व्यक्ती पुन्हा विकली गेली नाही ना, यावरून. लहान संस्थांना पहिला हप्ता आगाऊ मिळावा. त्याबदल्यात सामाजिक अंकेक्षण मात्र अटळ असावे.

अर्थात, पुनर्वसनाला कायद्याचाच आधार मिळता तर पुष्कळ सोपे झाले असते. पुनर्वसन निधीची तरतूद असलेले विधेयक लोकसभेने २०१८ च्या जुलैत संमत केले होते. ते राज्यसभेत संमत न होता २०१९ साली व्यपगत झाले. त्यामुळे पुनर्वसन हा अजूनही हक्क नाही, ती योजना आहे. आणि योजनेचे भवितव्य दरवर्षीच्या अंदाजपत्रकात ठरत असते.

तोवर जबाबदारी सर्वांची आहे. हजेरीपटावरून दिवाळीनंतर नाहीसे झालेले नाव ऊसतोडीला गेले, मेंढ्यांमागे गेले की आणखी कोठे, हे सर्वांत आधी विचारू शकतो तो शिक्षक. ग्राम बाल संरक्षण समितीपुढे तो प्रश्न मांडण्याचा त्याला अधिकार आहे. प्रस्तावावर 'त्रुटीपूर्ततेसाठी परत' असा शेरा मारण्याऐवजी त्रुटी दूरध्वनीवर सांगून फाईल त्याच आठवड्यात पुढे सरकविणे, हे लिपिकाच्या हाती आहे. निवाऱ्यातल्या मुलींना लिहावयास-वाचावयास शिकविणे विद्यार्थ्यांना अशक्य नाही. माणूस विकणाऱ्यांच्या व्यवहारात पैसा वेळेवर पोचतो, त्याला उपयोगिता प्रमाणपत्र लागत नाही. सोडविणाऱ्यांचा पैसाही वेळेवर पोचेल, अशी व्यवस्था करणे एवढे तरी राज्यसंस्थेला जमले पाहिजे.