समुद्राकाठचे घर आणि रुग्णालयाचे अंतर

इंग्लंडच्या नैऋत्य कोपऱ्यात, डेव्हन परगण्यात, क्लोव्हेली नावाचे मच्छीमारांचे जुने गाव आहे. सुमारे चारशे फूट उंचीवरून एक अरुंद, दगडी फरसबंदीचा रस्ता थेट धक्क्यापर्यंत उतरतो. दोन्ही बाजूंना चुन्याने रंगवलेली घरे आणि दारात फुलझाडे. या रस्त्यावर मोटार चालत नाही. किराणा असो, पलंग असो की कपाट, सगळे लाकडी घसरगाडीवरून ओढत न्यावे लागते. पूर्वी हे काम गाढवे करीत. येथील घरे विकत मिळत नाहीत, भाड्याने घेऊन कायम राहावे लागते.

अशा गावात जाऊन राहण्याचे स्वप्न इंग्लंडमध्ये हजारो लोक पाहतात. लंडन किंवा बर्मिंगहॅममध्ये नोकरी करायची आणि साठीनंतर समुद्राकाठच्या जुन्या गावात घर करायचे. ‘हवा चांगली, तब्येत सुधारेल’ हे त्यामागचे मुख्य कारण असते. हे कितपत खरे आहे?

समुद्राचे औषध

या समजुतीला जन्म दिला तो डॉक्टरांनीच. 1750 मध्ये डॉ. रिचर्ड रसेल यांनी ग्रंथींच्या विकारांवर समुद्राच्या पाण्याचा उपयोग सांगणारा ग्रंथ लिहिला. समुद्रात स्नान करा, इतकेच नव्हे तर ते पाणी प्या, असा त्यांचा सल्ला होता. पाहता पाहता ब्रायटन हे मच्छीमारांचे छोटे गाव श्रीमंतांचे आरोग्यधाम बनले. 1791 मध्ये मार्गेट येथे गंडमाळेच्या, म्हणजे मानेतील गाठींच्या क्षयाच्या, गरीब रुग्णांसाठी समुद्रस्नानाचे रुग्णालय स्थापन झाले. क्षयावर औषध नसलेल्या त्या काळात विश्रांती, पोटभर अन्न आणि मोकळी हवा यांचा रुग्णांना आधार होता. समुद्राचे पाणी पिण्याने मात्र क्षय बरा होत नाही.

आजच्या संशोधनाने समुद्राची बाजू काही अंशी उचलून धरली आहे. एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी 2001 च्या जनगणनेतील माहिती तपासली. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांमध्ये ‘माझी प्रकृती चांगली आहे’ असे सांगणाऱ्यांचे प्रमाण थोडे जास्त आढळले. निरोगी माणसेच तिकडे राहायला जात असतील, अशी शंका यावर घेता येते. म्हणून त्यांनी त्याच त्या व्यक्तींची अनेक वर्षांची माहिती पाहिली. किनाऱ्याजवळ राहत असतानाच्या वर्षांत लोकांनी आपली प्रकृती किंचित बरी असल्याचे सांगितले. फायदा लहान आहे, पण आहे. चालणे वाढते, मनावरचा ताण उतरतो, ही त्याची संभाव्य कारणे.

नाण्याची दुसरी बाजू

2021 मध्ये इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी प्रा. ख्रिस व्हिटी यांनी किनारी वस्त्यांच्या आरोग्यावर अहवाल दिला. त्यातले चित्र वेगळे आहे. हृदयविकारासारख्या अनेक आजारांचे ओझे किनारी भागात जास्त आढळले. तेथील लोक वयस्कर आहेत, अनेक बंदरे व पर्यटनाची गावे गरीब झाली आहेत, हे खरे. पण वय आणि गरिबीचा हिशेब वजा करूनही थोडा फरक उरतोच. आणि गरज जास्त असलेल्या या भागात रुग्णांच्या मानाने तज्ज्ञ डॉक्टर सुमारे 15 टक्के कमी आहेत. रुग्णालयाच्या एका बाजूला समुद्र असल्याने मोठ्या शहरांपासून ते दूर पडते आणि तरुण डॉक्टर तेथे टिकत नाहीत. ही अडचण आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयांनाही नवी नाही.

सुंदर भिंतीमागची ओल

समजा, साठीचे एक जोडपे दोनशे वर्षांच्या दगडी घरात राहायला आले. बाहेरून चित्रासारख्या दिसणाऱ्या या घरांच्या भिंती भरीव दगडाच्या असतात. जुन्या चुन्याच्या गिलाव्यातून ओलावा बाहेर पडतो. त्यावर कुणी सिमेंट चढवले की ओल आतच कोंडते, बुरशी धरते आणि दम्याच्या रुग्णाची खोकल्याने झोप उडते. ऐतिहासिक म्हणून नोंदलेल्या घराच्या खिडक्या परवानगीशिवाय बदलता येत नाहीत, त्यामुळे घर उबदार ठेवणे कठीण व खर्चिक होते. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो. थंडीच्या दिवसांत घरातील तापमान किमान 18 अंश सेल्सियस असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

डेव्हन आणि शेजारच्या कॉर्नवॉलमध्ये आणखी एक न दिसणारा पाहुणा घरात शिरतो, तो म्हणजे रेडॉन. ग्रॅनाइटसारख्या खडकांतील युरेनियमपासून हा किरणोत्सारी वायू तयार होतो आणि जमिनीतून घरात येतो. त्याला रंग नाही, वास नाही. ब्रिटनमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे वर्षाला सुमारे 1,100 मृत्यू रेडॉनशी निगडित मानले जातात. धूम्रपान करणाऱ्यांना धोका सर्वाधिक. तपासणी मात्र सोपी आहे. दोन छोट्या डब्या झोपण्याच्या आणि बैठकीच्या खोलीत तीन महिने ठेवायच्या. प्रमाण जास्त निघाले तर जमिनीखाली पंखा बसवून वायू बाहेर काढता येतो.

पासष्टीचे घर, ऐंशीची माणसे

घर निवडताना माणूस पासष्टीचा असतो. तेव्हा चढ म्हणजे व्यायाम असतो आणि हृदयाला तो चांगलाच. पण घरात राहायचे असते ते ऐंशीच्या वयात. गुडघ्याची झीज झालेल्याला चढण्यापेक्षा उतरणे जास्त दुखते, आणि पावसात ओल्या दगडांवर पाय घसरला की खुब्याचे हाड मोडते. सत्तरीनंतर वाहन परवाना दर तीन वर्षांनी नवा करावा लागतो. नजर अधू झाली की गाडी सुटते, आणि बस दिवसातून मोजक्याच. अनेक किनारी गावांत शेजारची घरे सुट्टीपुरती उघडतात. हिवाळ्यात खिडक्या अंधाऱ्या असतात. एकटेपणा हाही प्रकृतीचा शत्रूच आहे.

पक्षाघात झाल्यास गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. क्लोव्हेलीहून जिल्ह्याचे रुग्णालय बार्नस्टेपलला, तीसेक किलोमीटरवर आहे. पण त्याआधी रुग्णाला त्या दगडी उतारावरून वाहनापर्यंत आणावे लागते. म्हणून तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी वाट पाहायची नाही.

ब्रिटनमध्ये नोकरी करणाऱ्या मुलांकडे राहायला जाणाऱ्या मराठी आई-वडिलांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तेथे ऑक्टोबर ते मार्च उन्हातून ‘ड’ जीवनसत्त्व पुरेसे मिळत नाही. सावळ्या त्वचेच्या लोकांनी वर्षभर रोज 10 मायक्रोग्रॅम घेण्याचा विचार करावा, असा तेथील सरकारी सल्ला आहे.

मग जायचे की नाही? जायचे असेल तर आधी फेब्रुवारीत महिनाभर तेथे भाड्याने राहून पाहावे. ओल आणि रेडॉन तपासावा. तळमजल्यावर झोपण्याची सोय होते का, ते पाहावे. फॅमिली डॉक्टर नवे रुग्ण घेतात का, ते विचारावे. आणि रात्री दोन वाजता हाक मारली तर कोण येईल, हे ठरवावे. समुद्राच्या वाऱ्याने मन ताजे होते, पण छातीत कळ आली की लागतो तो माणूस आणि रस्ता. ते दोन्ही जवळ असतील, तर खिडकीतून दिसणारा समुद्र खरोखरच औषधासारखा लागू पडेल.