ठिणगीची वंशावळ : चंद्रपूर-गडचिरोलीतल्या जुन्या जीप आणि त्यांचे डिस्ट्रिब्युटर

२०२१ साली केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद केली. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, आणि तिची चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही त्यातली मुख्य अट. मुंबई-पुण्यातल्या हौशी मोटारमालकांना ही अट पाळता येईल. चंद्रपूर, मूल, अहेरी, आलापल्ली भागात जुन्या जीप राबून म्हाताऱ्या झाल्या आहेत. त्यांच्याबाबत मात्र पहिला प्रश्नच अवघड असतो : ही गाडी नेमकी कोणती? कागद एक सांगतो, बॉनेटखाली दुसरेच असते. महायुद्धातल्या जीपचे नाक, महिंद्राची चासी, तिसऱ्याच गाडीचा गिअरबॉक्स, असे संसार मी पुष्कळ पाहिले आहेत.

अशा वेळी मी डिस्ट्रिब्युटरकडे पाहतो. मराठीत त्याला ‘वितरक’ म्हणावे, तर लोकांना गॅस सिलिंडरचा विक्रेता आठवतो; म्हणून गॅरेजातलाच शब्द वापरतो. हा भाग सहज बदलता येतो, त्यामुळे गाडीच्या जन्माचा दाखला म्हणून तो कमकुवत आहे. मात्र तिच्या पुढच्या आयुष्याचा तो उत्तम साक्षीदार असतो. चासीच्या पाट्या लोक हौसेने बदलतात. डिस्ट्रिब्युटरवरचा आकडा खोटा करण्यात कोणाचाच फायदा नसतो.

त्याचे काम सोपे आहे. पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोलचे मिश्रण पेटवायला ठिणगी लागते. बॅटरीचे सहा किंवा बारा व्होल्ट त्याला पुरत नाहीत. कॉइलमधून वाहणारा प्रवाह एकदम तोडला, की तिच्या दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्टांचा दाब तयार होतो. हा प्रवाह तोडण्याचे काम डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट करतात, आणि तयार झालेला दाब योग्य सिलिंडरच्या प्लगकडे पाठवण्याचे काम वरचा रोटर व कॅप करतात. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास कॅडिलॅक मोटारींसाठी ही पद्धत रूढ केली, आणि पुढे साठ-सत्तर वर्षे जगभरच्या पेट्रोल गाड्या तिच्यावर चालल्या. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला २४०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ८० ठिणग्या लागतात. एखादी जरा उशिरा पडली, तरी चढावर गाडीचा दम लगेच कळतो. आलापल्लीकडचे एक जुने मिस्त्री म्हणत, ‘भाऊ, करंट तर येऊन राहिला, पण वेळेवर नाही येऊन राहिला.’ टायमिंगची याहून नेमकी व्याख्या मला सापडलेली नाही.

गडचिरोली जिल्हा १९८२ साली वेगळा झाला. त्याआधी सिरोंचा-भामरागडपर्यंतचा सारा मुलूख एकाच चांदा, म्हणजे चंद्रपूर, जिल्ह्यात होता. सागवानाची जंगले, मधून वाहणाऱ्या वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती आणि पावसाळ्यात नाहीसे होणारे रस्ते अशा या प्रदेशात चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीला पर्याय नव्हता. युद्ध संपल्यावर लष्कराने विकलेल्या जीप देशभर पसरल्या. मागोमाग मुंबईत महिंद्राने विलीस कंपनीच्या जीपची जुळणी सुरू केली. पुढे आपल्याकडे सर्वाधिक दिसली ती उंच बॉनेटची सीजे-३बी. बॉनेट उंच असण्याचे कारण इंजिनात आहे. युद्धकाळातल्या ‘गो डेव्हिल’ इंजिनाच्या दोन्ही झडपा ब्लॉकमध्ये बाजूला होत्या. नंतरच्या ‘हरिकेन’मध्ये आत घेणारी झडप वर हेडमध्ये गेली आणि इंजिनाची उंची वाढली. आकारमान दोन्हींचे सारखेच, सुमारे २.२ लिटर. डिस्ट्रिब्युटरही दोन्हींत उजव्या बाजूला, ऑइल पंपाच्या दांड्यावर फिरणारा.

ओळख पटवण्याची सुरुवात पाटीपासून होते. अमेरिकी ऑटो-लाइट कंपनीच्या डिस्ट्रिब्युटरच्या अंगावर लहानशी पाटी ठोकलेली असते. तिच्यावर ‘आयजीसी-४७०५’ असेल, तर तो युद्धकालीन विलीस एमबी किंवा फोर्ड जीपीडब्ल्यू जातीचा. ‘आयएडी-४००८’ हा युद्धानंतरच्या नागरी जीपचा, आणि प्रेस्टोलाइट नावाचा ‘आयएवाय-४४०१’ त्याहून पुढचा. पाटी गळून पडली असेल तर अंगाचा आकार, कॅपच्या क्लिपा आणि पॉइंटची बैठक पाहावी लागते.

ल्यूकस पद्धतीचे डिस्ट्रिब्युटरही आपल्याकडच्या जीपवर दिसतात. १९६१ साली मद्रासजवळ पाडी येथे ल्यूकस-टीव्हीएस सुरू झाल्यावर त्या घराण्याचे सुटे भाग देशातच मिळू लागले. इंग्लिश ल्यूकसच्या अंगावर ‘२५डी४’ सारखे जातीचे नाव, भागाचा क्रमांक आणि आठवडा व वर्ष सांगणारे आकडे उमटवलेले असतात. ‘३२ ६८’ म्हणजे १९६८ चा बत्तिसावा आठवडा. गाडी १९६० ची आणि डिस्ट्रिब्युटर १९६८ चा, म्हणजे मधे कधीतरी तो बदलला गेला. बाजूच्या व्हॅक्यूम डबीवर तीन आकडे असतात : किती ओढीला ठिणगी आधी पडू लागते, किती ओढीला ती मर्यादा गाठते, आणि ती मर्यादा किती अंशांची. हे अंश डिस्ट्रिब्युटरचे असतात. तो इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून क्रँकवर मोजताना ते दुप्पट धरायचे. भल्याभल्यांचा हिशोब इथे चुकतो.

ही ओळख नुसत्या हौसेची नाही. ऑटो-लाइटच्या पॉइंटमधले अंतर ०.०२० इंच ठेवायचे असते, ल्यूकसचे साधारण ०.०१५. डिस्ट्रिब्युटर न ओळखता दोन्हींना एकाच मापाने, किंवा काडेपेटीच्या पुठ्ठ्याने, बसवले की कॉइलला भरायला मिळणारा वेळ बदलतो, टायमिंगही सरकते, आणि दोष बिचाऱ्या कार्ब्युरेटरवर येतो.

दुरुस्तीत नवे पॉइंट घालणे हा सर्वांत लहान भाग. खरा रोग दांड्याच्या बुशात असतो. बुश झिजला की दांडा डुलतो, दर सिलिंडरला पॉइंट वेगळे उघडतात, आणि कितीही बारकाईने लावलेले अंतर फिरताना टिकत नाही. रोटर काढून दांडा बाजूला हलवून पाहावा. बोटांना खेळ जाणवला, तर पॉइंटवर पैसे घालू नयेत. सच्छिद्र ब्राँझचा नवा बुश दिवसभर तेलात बुडवून मग दाबून बसवावा. दांड्यालाच खाचा पडल्या असतील, तर लेथवाल्याकडे जावे लागते. वजनांच्या स्प्रिंगा ओढून किंवा कापून ‘ॲडजस्ट’ करण्याची आपल्याकडची सवय फार वाईट. त्या दोन स्प्रिंगा वेगळ्या ताकदीच्या असणे हेच पुष्कळदा मूळ रूप असते. एक ढिली दिसते म्हणून ती बदलणाऱ्यांनी कित्येक चांगले डिस्ट्रिब्युटर बिघडवले आहेत.

पुन्हा बसवताना विलीसची एक खोच लक्षात ठेवावी. दांड्याच्या टोकाची जीभ मध्यभागी नसते, किंचित एका बाजूला असते. म्हणून डिस्ट्रिब्युटर एकाच दिशेने बसतो. पण ऑइल पंप काढून एका दातानेही चुकीचा बसवला, तर डिस्ट्रिब्युटर कितीही फिरवून टायमिंग नीट लागत नाही. क्रम १-३-४-२, आणि रोटर वरून पाहता घड्याळाच्या उलट फिरतो. वायरी घड्याळाच्या दिशेने लावल्या, तर २ आणि ३ यांची अदलाबदल होते : दोन सिलिंडर चालतात, दोन खोकतात.

पावसाळ्याचा त्रास निराळा. पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटतो, हे वर्तमानपत्रांमुळे सर्वांना ठाऊक आहे. लहान नाल्यांची बातमी होत नाही. नाल्यात शिरण्याआधी जाणते चालक पंख्याचा पट्टा उतरवतात. पंखा पाण्यात फिरला की सगळे पाणी मागे इंजिनावर फेकतो. कॅपच्या आत दमट धूळ बसली की ठिणगी प्लगपर्यंत न जाता तिथूनच पळवाट काढते, आणि बेकेलाइटवर पेन्सिलीने ओढावी तशी काळी रेघ उमटते. ती कार्बनची असते, म्हणजे विजेला आयती वाट. खरवडून काही दिवस चालते, पण कॅप बदलणे हाच उपाय.

या भागातल्या बहुतेक जीपांत पुढे स्वस्ताईसाठी डिझेल इंजिने बसली. डिझेलला ठिणगी लागत नाही; पेट्रोल इंजिने डिस्ट्रिब्युटरसकट किलोच्या भावाने गेली. १९८५ साली आलेल्या आणि ताडोब्याच्या पर्यटकांना परिचित असलेल्या जिप्सीच्या सुरुवातीच्या इंजिनांतही डिस्ट्रिब्युटर होता. आता तेही भंगारात दिसू लागले आहेत. त्यातच १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांपुढच्या सरकारी वाहनांची नोंदणी रद्द झाली. आवारांत गंजत उभ्या असलेल्या गाड्या आता झपाट्याने तोडल्या जातील. गाड्या वाचवा, असे मी म्हणत नाही. ते शक्य नाही आणि पुष्कळदा शहाणपणाचेही नाही. तोडण्याआधी चासी, इंजिन आणि डिस्ट्रिब्युटर यांचे आकडे एका वहीत उतरले, तरी कोणत्या काळात कोणती गाडी या जंगलात फिरली, हे पुढे कोणाला तरी जुळवता येईल.

पाटी वाचताना तारेचा ब्रश लावू नये, उथळ अक्षरे त्याने कायमची जातात. रॉकेलच्या बोळ्याने तेलकट थर काढावा, पाटी कोरडी करून तिच्यावर पांढरा खडू आडवा घासावा आणि बोटाने हलके पुसावे. खोल गेलेल्या अक्षरांत खडू राहतो, आणि तिरप्या उजेडात आकडा वाचता येतो.