जुनाट वेदना : वाद पॅथीचा की विवेकाचा?

दिवसभर फळ्यासमोर उभ्या राहणाऱ्या शिक्षकाची कंबर किंवा मान वाकवून फायली उपसणाऱ्या कारकुनाचे खांदे दुखू लागले, की घरोघरी एक जुनाच वाद सुरू होतो. ‘गोळ्या उष्ण पडतात, निर्गुडीचा शेक घ्या’, असे एक पक्ष म्हणतो. ‘पाल्याने काय होणार, सरळ गोळी घ्या’, असे दुसरा. या वादात रुग्णाची वेदना मात्र जागच्या जागीच राहते.

विस्तवाचा चटका बसताच हात मागे घ्यायला लावणारी वेदना ही शरीराची पहारेकरीण होय. परंतु तीन महिन्यांहून अधिक टिकणारी वेदना पुष्कळदा इजा भरून आल्यावरही उरते. मज्जारज्जू आणि मेंदू यांची संवेदनक्षमता वाढते आणि साध्या स्पर्शाचाही बोभाटा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणात जुनाट वेदनेला स्वतंत्र स्थान मिळाले आहे. अशा रुग्णास ढोंगी ठरविणाऱ्यांनी याची नोंद घ्यावयास हवी.

‘नैसर्गिक’ आणि ‘वैद्यकीय’ ही विभागणीही फारशी टिकणारी नाही. ॲस्पिरिनचे मूळ विलो वृक्षाच्या सालीत आहे, तर मॉर्फिनचे अफूत. मिरचीला तिखटपणा देणाऱ्या कॅप्सायसिनपासून मज्जातंतूंच्या वेदनेवरील मलम तयार होते. त्याच द्रव्याच्या आधारे उष्णतेची जाणीव उलगडणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. तेव्हा प्रश्न औषधाच्या कुळाचा नसून त्यात काय आहे, किती आहे आणि ते किती दिवस घ्यावयाचे, हा आहे.

हा प्रश्न न विचारण्याची किंमत जबर असते. सांधेदुखीवरील निनावी पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार उघडकीस आले आहेत. आठवडाभर चमत्कार घडतो. पुढे चेहरा सुजतो, रक्तातील साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. पुडी एकाएकी बंद करणेही धोक्याचे ठरते. दुसरीकडे, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या सल्ल्यावाचून महिनोन्‌महिने घेतल्यास जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडांना इजा पोहोचू शकते. निसर्गाचे नाव वा कंपनीचे वेष्टन, दोन्हीही निर्धोकपणाची हमी नव्हेत.

मग करावे काय? प्रथम निदान. ताप, अकारण घटणारे वजन, पायातील शक्ती जाणे, लघवी-शौचावरील ताबा सुटणे, ही लक्षणे असतील तर क्षणाचाही विलंब नको. ती नसतील, तर साध्या कंबरदुखीत अंथरुणाला खिळून राहणे हे अपायकारकच. बेताबेताने वाढविलेला व्यायाम, झेपतील तेवढी योगासने, पुरेशी झोप व शेक यांचा आधार घ्यावा. मज्जातंतूंच्या वेदनेवर अल्प मात्रेतील ॲमिट्रिप्टिलीनसारखी औषधे वैद्यकीय देखरेखीखाली उपयोगी पडतात. घरी चालू असलेला काढाही डॉक्टरांपासून लपवू नये.

वेदना शून्यावर येईल, असे आश्वासन देणारा वैद्य असो वा डॉक्टर, त्याच्यापासून सावध राहिलेले बरे. जिना चढता येणे, रात्री सलग झोप लागणे, पुन्हा कामावर रुजू होणे, हीच उपचाराची खरी मोजपट्टी होय. मात्र त्यासाठी बाह्यरुग्ण विभागात रुग्णाचे म्हणणे ऐकून घेण्यास वेळ, तालुक्याच्या रुग्णालयात भौतिकोपचार आणि वर्गात शिक्षकाला बसण्यासाठी एक धड खुर्ची हवी. रुग्णाला संयमाचा उपदेश करणाऱ्या समाजाने एवढी तरी सोय करावयास नको काय?