जुन्या लॅपटॉपमध्ये एसएसडी बसविणे

जुन्या लॅपटॉपमधील फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क काढून तिच्या जागी सॉलिड-स्टेट ड्राइव्ह, अर्थात एसएसडी, बसविणे ही संगणकाचे उपयुक्त आयुष्य वाढविण्याची कमी खर्चाची पद्धत आहे. एसएसडीमध्ये हलणारा भाग नसतो. माहिती नँड फ्लॅश प्रकारच्या चिपांवर साठविली जाते. हे तंत्र तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८७ मध्ये मांडले. पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या आदिवासीबहुल तालुक्यांत नवा लॅपटॉप अनेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर असतो. तेथे या बदलाने जुने यंत्र विद्यार्थ्याच्या हाती आणखी काही वर्षे टिकू शकते.

== मंदपणाचे कारण ==
काही वर्षांपूर्वीच्या स्वस्त लॅपटॉपमध्ये बहुधा मिनिटाला ५,४०० फेऱ्या करणारी हार्ड डिस्क असे. तिच्या एका फेरीला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती नोंद वाचक-शीर्षाखाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी वाट पाहावी लागते, आणि शीर्ष योग्य जागी सरकण्याचा वेळ वेगळा. परिणामी विखुरलेल्या नोंदी सेकंदाला शंभरच्या आतबाहेरच वाचता येतात. संगणक सुरू होताना मात्र अशा हजारो लहान फायली वाचाव्या लागतात. एसएसडीला तीच नोंद मिलिसेकंदाच्या लहानशा अंशात मिळते, म्हणून काही मिनिटे घेणारा संगणक बहुधा अर्ध्या-पाऊण मिनिटात सुरू होतो.

वेष्टनावर छापलेला सेकंदाला ५०० मेगाबाइटच्या आसपासचा वेग हा सलग वाचनाचा असतो. रोजच्या वापरात जाणवणारा फरक त्यामुळे पडत नाही. यामुळेच निम्म्या वेगाची जुनी साटा-२ जोडणी असलेल्या लॅपटॉपलाही लाभ होतो. खरेदीपूर्वी टास्क मॅनेजर उघडून पाहावे. डिस्कचा वापर सतत १०० टक्के आणि प्रोसेसर जवळजवळ रिकामा असेल, तर अडथळा डिस्कचाच आहे. प्रोसेसरच पूर्ण गुंतलेला असेल तर एसएसडीवरील खर्च फारसा उपयोगी पडत नाही. रॅम ४ जीबी किंवा त्याहून कमी असल्यास तीही वाढविणे इष्ट, कारण अपुऱ्या रॅमचा भार शेवटी ड्राइव्हवरच पडतो.

== योग्य प्रकाराची निवड ==
हार्ड डिस्क असलेल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये २.५ इंची साटा एसएसडी बसते. तिची जाडी ७ मिमी असते. जुन्या डिस्कची जागा ९.५ मिमीची असल्यास सोबत प्लास्टिकची चौकट लावतात. एम.२ प्रकाराबाबत चूक सहज होते. दिसायला सारख्या पट्ट्यांपैकी काही साटा, तर काही एनव्हीएमई पद्धतीच्या असतात, आणि एका पद्धतीची पट्टी केवळ दुसरीच पद्धत मानणाऱ्या खाचेत चालत नाही.

ही चूक डहाणूकरांना महागात पडू शकते. संगणकाच्या सुट्या भागांची मुंबईतील प्रसिद्ध बाजारपेठ लॅमिंग्टन रोड ही ग्रँट रोड स्थानकाजवळ, डहाणू रोडपासून सुमारे १२० किलोमीटरवर आहे. एप्रिल २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत उपनगरी गाड्या धावू लागल्या, तरी एक भाग बदलून आणण्यात पूर्ण दिवस मोडतो. राष्ट्रीय महामार्गावरील तलासरीहून गुजरातमधील वापी तुलनेने जवळ पडते. निघण्यापूर्वी लॅपटॉपचे खालचे झाकण उघडून जोडणीचे छायाचित्र घेणे, हा त्यावरचा सर्वांत सोपा उपाय.

अतिस्वस्त, अनोळखी ड्राइव्हमध्ये छापील क्षमतेपेक्षा कमी स्मृती असल्याचे प्रकार आढळतात. एफ३ किंवा एच२टेस्टडब्ल्यू या मोफत प्रणालींनी ड्राइव्ह पूर्ण भरून तपासता येते. झीज होण्याची भीती मात्र सहसा अवास्तव ठरते: ८० टेराबाइट लेखनाची हमी असलेल्या ड्राइव्हवर रोज २० जीबी लिहिले, तरी हमीची मर्यादा गाठण्यास सुमारे ११ वर्षे लागतील.

== स्थापना ==
प्रथम महत्त्वाच्या फायलींची प्रत अन्यत्र घ्यावी. त्यानंतर यूएसबी-साटा जोडतार वापरून क्लोनझिलासारख्या प्रणालीने जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत एसएसडीवर उतरविता येते. नवी डिस्क लहान असल्यास आधी जुन्या डिस्कवरील विभाग आक्रसावे लागतात. वर्षानुवर्षांचा कचरा साचलेल्या यंत्रात कार्यप्रणाली नव्याने बसविणे अधिक श्रेयस्कर. झाकण उघडल्यावर सर्वप्रथम बॅटरीची जोडणी सोडवावी.

== धोके व मर्यादा ==
नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी परिसरासह या दोन तालुक्यांत भूकंपाच्या सौम्य ते मध्यम धक्क्यांची मालिका जाणवू लागली. अशा धक्क्याने हार्ड डिस्क आपोआप बिघडते असे नाही. चालू लॅपटॉप टेबलावरून खाली पडणे हा खरा धोका असतो. हलणारे भाग नसल्याने एसएसडी अशा पडण्यात बहुधा वाचते.

वीज अचानक जाणे तिला अधिक बाधते. जुन्या लॅपटॉपची बॅटरी अनेकदा संपूर्ण निकामी झालेली असते, त्यामुळे वीज जाताच यंत्र बंद पडते. नेमके त्याच क्षणी लेखन चालू असल्यास स्वस्त एसएसडीतील नोंदींचा नकाशा बिघडू शकतो. हार्ड डिस्क बिघडण्यापूर्वी पुष्कळदा आवाज करते. एसएसडी मात्र पूर्वसूचनेविना बंद पडू शकते, आणि तिच्यातून माहिती परत मिळविणे अधिक कठीण असते. त्यामुळे शाळेचे अभिलेख किंवा कुटुंबाची कागदपत्रे केवळ तिच्यावर ठेवणे धोक्याचे आहे. चालू बॅटरी बसविणे हा येथे चैनीचा खर्च म्हणता येत नाही.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० व तुलनेने नवा प्रोसेसर लागतो, आणि ही अट एसएसडीने पूर्ण होत नाही. अशा यंत्रांवर लिनक्स वापरता येते. लिब्रेऑफिस मराठीतही उपलब्ध आहे.

काढलेली हार्ड डिस्क सुस्थितीत असल्यास यूएसबी पेटीत बसवून तिचा उपयोग प्रती ठेवण्यासाठी करता येतो. निकामी डिस्क ई-कचरा ठरते व तिला ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ लागू होतात. ती भंगारात देण्याऐवजी नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडे पोहोचविणे अपेक्षित आहे, तत्पूर्वी तिच्यावरील माहिती पुसून.