स्पार्क प्लग : गरम की थंड?

पेट्रोल एंजिनातील हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण ठिणगीने पेटवावे लागते. हे काम स्पार्क प्लग करतो. चार धावांच्या एंजिनात दर दोन फेऱ्यांना प्रत्येक प्लगची एक ठिणगी पडते. एंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला किती ठिणग्या होतील? हिशेब करा. उत्तर येईल २५!

प्लगच्या मधोमध एक धातूचे अग्र असते. त्याभोवती अ‍ॅल्युमिनाचे निरोधक आणि बाहेर आटे पाडलेले पोलादी कवच असते. कवचाला दुसरे, वाकवलेले अग्र जोडलेले असते. दोन अग्रांतील फट बहुधा ०.७ ते १.१ मि.मी. असते. ती ओलांडण्यासाठी ठिणगीला १०,००० व्होल्टांहूनही अधिक दाब लागतो.

प्लग निवडताना आट्यांचा व्यास व लांबी तर जुळली पाहिजेच. लांबी जास्त झाली, तर दट्ट्या प्लगवर आदळू शकतो. पण मापे जुळली म्हणजे झाले, असे नाही. प्लगचे टोक सुमारे ४५० अंश सेल्सियसपेक्षा थंड राहिले, तर त्यावरची काजळी जळून जात नाही. काजळी विद्युतवाहक असल्याने वीज तिच्यातूनच निसटते आणि ठिणगी चुकते. उलट टोक ८५०-९०० अंशांपलीकडे तापले, तर मिश्रण ठिणगीपूर्वीच पेटते. त्यामुळे दट्ट्याला भोकसुद्धा पडू शकते!

हे तापमान कसे राखतात? निरोधकाचे टोक लांब ठेवले, की उष्णतेला कवचापर्यंत जायला लांबचा मार्ग पडतो. हा झाला ‘गरम’ प्लग. टोक आखूड असले, की उष्णता लवकर निघून जाते. तो ‘थंड’ प्लग. सतत जास्त भाराने चालणाऱ्या एंजिनाला थंड प्लग लागतो. मात्र खुणेच्या आकड्यांवर विसंबू नका. एनजीकेच्या प्लगवर मोठा आकडा थंडपणा दाखवतो, तर बॉशच्या प्लगवर गरमपणा. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलाच प्लग घ्यावा.

वैद्य जीभ पाहून प्रकृती ओळखतो, तसा मेकॅनिक जुन्या प्लगचे टोक पाहतो. फिकट तपकिरी रंग निरोगी एंजिनाचा. कोरडी काळी काजळी असेल, तर पेट्रोल जास्त किंवा प्लग फार थंड. टोक तेलकट असेल, तर सिलिंडरमध्ये तेल शिरते आहे. पांढरेफटक असेल, तर ते फार तापते आहे. कारण दूर न करता नुसता प्लग बदलला, तर नवाही तसाच होईल.

प्लग बदलताना एंजिन थंड होऊ द्यावे. भोवतालची धूळ आधी फुंकून काढावी, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. नवा प्लग प्रथम हातानेच फिरवावा आणि नीट बसल्यावर पुस्तिकेतील मापानुसार पान्याने आवळावा. फाजील आवळला, तर अ‍ॅल्युमिनियमचे आटे बिघडतात. सैल राहिला, तर उष्णता बाहेर जाण्याची वाट तुटते आणि योग्य प्लगही बेसुमार तापतो.

आता एक प्रश्न : डिझेल एंजिनाला स्पार्क प्लग नसतो. मग तेथे इंधन पेटते कसे? सायकलच्या टायरात हवा भरताना पंप का तापतो, याचा विचार करा, उत्तर सापडेल.