पंख्याची घरघर

रात्री सारे घर निजले असता एखादा विद्यार्थी संगणकापुढे बसून निबंध लिहीत असतो. लिहिण्याचे काम निःशब्द. परंतु टेबलाखालच्या पेटीतून मात्र अखंड घरघर चालू असते. शेजारी निजलेले लहान भावंड कूस बदलते, आजोबा ‘पुरे आता ते यंत्र’ असे म्हणतात, आणि विद्यार्थ्याच्या मनात येते की, हा पंखाच बंद केला तर? उपाय सोपा दिसतो खरा. परंतु तो केल्यास थोड्याच वेळात संगणक मंदावेल, कदाचित बंदही पडेल, आणि जतन न केलेला निबंध हातचा जाईल.

संगणकात शिरणारी वीज हिशेब करून नाहीशी होत नाही. ती जवळजवळ सर्वच अखेरीस उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. त्यातही प्रोसेसर, म्हणजे संगणकाचा जणू मेंदूच, सर्वांत अधिक तापतो. त्यातील काम करणारी सिलिकॉनची चिप अंगठ्याच्या नखाएवढी असते. तरी कामाच्या भरात ती ६५ वॉट किंवा त्याहूनही अधिक उष्णता देते. पूर्वी घरोघरी लागणारा ६० वॉटचा दिवा हाताला चटका देत असे. तेवढी उष्णता नखाएवढ्या जागेत कोंडली तर काय होईल, याची कल्पना करावी! तापमान ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचले की, बहुतेक प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतात. तेवढ्याने भागले नाही, तर यंत्र बंद होते. हे टाळण्यासाठी प्रोसेसरवर धातूच्या पातळ पत्र्यांचा एक जुडगा बसवितात. त्याला हीटसिंक असे नाव आहे. प्रोसेसरची उष्णता या पत्र्यांत पसरते, आणि पंखा त्यांच्यामधून वारा खेळवून ती वाहून नेतो.

तेव्हा वारा तर हवाच. प्रश्न एवढाच की, तो कमी आवाजात कसा मिळवावा? येथे निसर्गाचा एक नियम माणसाच्या मदतीस येतो. पंख्याचा वेग निम्मा केला, तर वाराही निम्माच मिळतो. आवाज मात्र त्या मानाने पुष्कळच उतरतो. ही घट सुमारे १५ डेसिबल भरते, आणि १० डेसिबलने उतरलेला आवाजसुद्धा कानाला निम्माच वाटतो. विहिरीचे पाणी लहान पोहऱ्याने घाईघाईने उपसावे, की मोठ्या मोटेने संथपणे काढावे? शहाणा शेतकरी मोटच जुंपीत असे. पंख्याचेही तसेच आहे. ८० मिलिमीटरच्या पंख्याऐवजी १२० मिलिमीटरचा बसविला, तर त्याची चौकट सव्वादोन पट मोठी होते, आणि तेवढाच वारा तो पुष्कळ कमी वेगाने देऊ शकतो. नवा पंखा पेटीत मावला पाहिजे, हे मात्र आधी मोजून पाहावे.

पण नवा पंखा विकत घेण्यापूर्वी जुना का ओरडतो, हे पाहणे अधिक शहाणपणाचे. बहुधा दोष धुळीचा असतो. पत्र्यांच्या फटींत धुळीची लोकर दाटली की वारा अडतो, प्रोसेसर तापतो, आणि पंखा अधिकच वेगाने धावू लागतो. यंत्र बंद करून, वायर काढून, मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली मऊ कुंचल्याने ही धूळ काढावी. त्या वेळी पाती बोटाने धरून ठेवावी. वीजपुरवठ्याची आतली बंद डबी मात्र कधीही उघडू नये; वायर काढल्यावरही तिच्यात विजेचा भार शिल्लक असू शकतो. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये एक लेप असतो. तो वाळला, तर फटींत हवा राहते, आणि हवा ही उष्णतेची दुर्वाहक! जाणत्या कारागिराकडून तो नवा लावून घेतला की, पंख्याचे काम हलके होते. कधी एखादी सैल वायर पात्यांना घासत असते, कधी पंख्याचा थरकाप पेटीच्या पत्र्यात उतरून पत्राच गुणगुणतो. तेथे रबराच्या चकत्या घालाव्यात. खडखड येऊ लागली असेल, तर बेअरिंग झिजले असे समजावे व पंखा बदलावा. कित्येक जण संगणक कपाटात बंद करून ठेवतात किंवा त्यावर कापड टाकतात. आवाज दबल्यासारखा वाटतो, पण यंत्र आपलाच उष्ण उच्छ्‌वास पुन्हा आत ओढते, आणि घटकाभराने पंखा पहिल्यापेक्षा मोठ्याने घोंगावतो.

आजच्या संगणकांत तापमान पाहून पंख्याचा वेग ठरविण्याची सोय असते. वेग क्षणोक्षणी चढला-उतरला, तर तो कानाला फार खुपतो. एकसारखी मंद घरघर मात्र थोड्या वेळाने विसरली जाते. म्हणून वेग हळूहळू वाढेल अशी योजना करावी, आणि नंतर यंत्राला अर्धा तास भरपूर काम देऊन तापमान पाहावे. पंखा कितीही चांगला असला, तरी तो प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तेव्हा जानेवारीत ठरविलेला वेग तेथे उन्हाळ्याच्या तोंडी पुन्हा तपासावा लागतो.