रिकामी दुपार

‘सुटीत काय केले?’ या प्रश्नाला ‘काही नाही’ असे उत्तर देताना आपण ओशाळतो. ओशाळण्याचे कारण नाही, असे आम्ही म्हणतो.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर क्वीन्सलँडकडे पाहा. दक्षिणेत थंडी पडली की मोटारीमागे चाकांचे घर, म्हणजे कॅरव्हान, जोडून कुटुंबेच्या कुटुंबे तिकडे जातात. झाडाखाली खुर्ची टाकून बसावे, तो समोरून कॅसोवरी पिलांसह जावा! हा जवळजवळ माणसाच्या उंचीचा, उडू न शकणारा पक्षी. अंडी उबवतो नि पिले वाढवतो तो नर. रानफळे तो अख्खी गिळतो; त्याच्या विष्ठेतून बिया दूरवर पडतात नि रान वाढते. त्याला खाऊ घालणे मात्र गुन्हा आहे. चटावलेला पक्षी रस्त्यावर येतो नि मोटारीखाली सापडतो.

ही रिकामी दुपार आकाशातून पडली नाही. १८५६ साली मेलबर्नच्या पाथरवटांनी काम बंद करून आठ तासांचा दिवस मिळविला. १९३६ साली आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने वर्षाकाठी किमान ६ दिवसांच्या पगारी रजेचा करार संमत केला. आज तेथे पूर्णवेळ कायम कामगाराला वर्षाला ४ आठवडे पगारी रजा मिळते. नैमित्तिक कामगाराला ताशी दर चढा मिळतो, पण पगारी रजा नाही.

तेव्हा आमचा प्रश्न एवढाच : कॅरव्हानचा तळ झाडणारा माणूस नैमित्तिक असेल, तर त्याने खुर्ची टाकून बसावे केव्हा?